गेम विकीवरचे शब्दांचे वाद: निकालाची रीत आधी ठरवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मोबाइल गेमविषयी मराठी वृत्तपत्रांत छापून येते ते बहुतेक वेळा व्यसन, बंदी किंवा स्पर्धांची बक्षिसे यांबद्दल. याच गेमची माहिती मराठीत लिहून ठेवणारी मंडळीही आहेत. कोणते हत्यार कशापासून बनते, कोणत्या नकाशात काय सापडते, नव्या आवृत्तीत काय बदलले, हे सगळे विकीवर, म्हणजे कुणालाही लिहिता-बदलता येणाऱ्या संकेतस्थळावर, विनामोबदला लिहिले जाते. कोल्हापुरातल्या कॉलेजांत असे काम उत्साहाने हाती घेणारी मुले भरपूर आहेत. उत्साह ओसरतो तो शब्दांवरून होणाऱ्या भांडणांमुळे. एक जण 'झॉम्बी' लिहितो, दुसरा 'झाँबी' करतो, पहिला पुन्हा उलटवतो. निकालाची ठरलेली रीत नसल्याने ज्याच्याकडे रिकामा वेळ जास्त, त्याचा शब्द टिकतो आणि दुसरा संपादक कायमचा निघून जातो. अशी रीत बसवता येते. कशी, ते सविस्तर लिहितो, कारण गेमच नव्हे तर मराठीत सामूहिक लेखन करणाऱ्या कुणालाही ती उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट म्हणजे वाद कशाचा आहे ते ओळखणे. शब्दाचे वाटणारे निम्मे वाद खरे तर वस्तुस्थितीचे असतात. ठोकळ्यांचे जग उभारायचा माइनक्राफ्ट हा गेम घ्या. त्याच्या जावा एडिशनमध्ये तलवारीचा एक वार केल्यावर पुढचा वार पूर्ण ताकदीचा होण्यासाठी क्षणभर थांबावे लागते. बेडरॉक एडिशनमध्ये असे थांबणे नाही. मोबाइलवर मिळतो तो बेडरॉक, कॉम्प्युटरवर दोन्ही. मग मोबाइलवर खेळणारा 'सलग वार करा' असे लिहितो, कॉम्प्युटरवरचा 'थांबून वार करा' असे दुरुस्त करतो, आणि दोघेही बरोबर असतात. म्हणून प्रत्येक पानाला जोडलेल्या चर्चा पानावरचा पहिला प्रश्न हाच हवा: कोणते एडिशन, कोणत्या क्रमांकाची आवृत्ती? आणि 'एडिशन' व 'व्हर्जन' या दोन्हींसाठी 'आवृत्ती' वापरू नये. बेडरॉक आणि जावा ही 'एडिशन', १.१६ किंवा १.२० ही 'आवृत्ती', एवढे एकदा ठरले की निम्मा गोंधळ तिथेच थांबतो.

आकड्यांचेही तसेच. माइनक्राफ्टमध्ये खेळाडूची हेल्थ २० की १०? गेमच्या हिशेबात ती २० असते आणि पडद्यावर १० हृदये दिसतात. एक हृदय म्हणजे दोन गुण. इथे कुणाला हरवायचे कारणच नाही. एक साचा, म्हणजे पानोपानी वापरता येणारा तयार नमुना, करावा, त्यात गुण भरले की शेजारी हृदये आपोआप दाखवली जातील. जो वाद साच्याने मिटतो त्यावर मतदान घेणे म्हणजे सगळ्यांचा वेळ घालवणे.

आता खरा परिभाषेचा वाद. शीर्षकात पडद्यावरचे इंग्रजी नाव देवनागरीत लिहायचे की मराठी शब्द घ्यायचा? दोन्ही पक्षांकडे मुद्दे आहेत. आमचे स्पष्ट मत असे की वस्तू, पात्र, ठिकाण, शस्त्र यांच्या पानाचे शीर्षक पडद्यावर जे दिसते तेच, देवनागरीत असावे. पहिल्या वाक्यात मराठी शब्द यावा आणि त्या मराठी शब्दाचे पुनर्निर्देशन असावे, म्हणजे तो शोधणाराही याच पानावर येईल. वाचक हातात फोन धरून शोधत असतो. त्याला पडद्यावर 'फर्नेस' दिसते, तर पानावरही आधी तेच दिसले पाहिजे. लगेच पुढे 'म्हणजे भट्टी' आले की अर्थही पोचतो. उद्या एखाद्या गेमने स्वतःच मराठी भाषा दिली तर त्यातले शब्द प्रमाण मानावेत, मग ते आपल्याला आवडोत वा न आवडोत. नुकसान, बरे होणे, बनवणे, साठवणे अशा सर्वसाधारण क्रिया-कल्पनांना मात्र सरळ मराठीच हवी.

या नियमाचा फायदा असा की तो चवीवर अवलंबून नाही, पडद्याचा फोटो दाखवला की वाद संपतो. बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया या पबजी मोबाइलच्या भारतीय रूपात 'किल' ऐवजी 'फिनिश' असे दिसते. तेव्हा त्या गेमच्या तक्त्यात 'फिनिश', आणि मूळ पबजी मोबाइलच्या पानावर 'किल'. खेळताना मुले दोन्हीकडे 'मारला' म्हणतात. तो शब्द वर्णनात बिनदिक्कत यावा, तक्त्याच्या मथळ्यात नको. गेमने स्वतः नाव बदलले तर शीर्षकही बदलायचे. माइनक्राफ्टने २०२० मधल्या १.१६ आवृत्तीत 'झॉम्बी पिगमन'चे 'झॉम्बिफाइड पिगलिन' केले, १.१७ मध्ये 'ग्रास पाथ'चे 'डर्ट पाथ'. जुने नाव पुनर्निर्देशन म्हणून राहते आणि पानाच्या इतिहास विभागात त्या काळापुरते तसेच लिहिले जाते. तिथे नवे नाव मागे नेऊन लावणे चूक.

एकाच वस्तूची दोन अधिकृत नावे असतील तर? सेगा या जपानी कंपनीचा जो कन्सोल (गेमचे यंत्र) जपानमध्ये १९८८ साली 'मेगा ड्राइव्ह' नावाने आला, तो अमेरिकेत पुढच्या वर्षी 'जेनेसिस' म्हणून विकला गेला. इंग्रजी विकिपीडियावर त्याच्या शीर्षकाचा वाद वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा उकरला गेला. दोन्ही नावे बरोबर असताना तिसऱ्या पुराव्याने काही सुटत नाही. अशा वेळी इंग्रजी विकिपीडियाने ब्रिटिश आणि अमेरिकन लेखनासाठी स्वीकारलेले तत्त्व कामी येते: पान भरीवपणे लिहिणाऱ्या पहिल्या संपादकाने जे वापरले ते ठेवा, सबळ कारणाशिवाय बदलू नका.

मराठी प्रतिशब्दांत खरी अडचण एकेक शब्द सुटा ठरवल्यामुळे येते. माइनक्राफ्टमध्ये 'कोल' आणि 'चारकोल' या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एकेका नगावर भट्टीत आठ वस्तू भाजून निघतात, पण त्या एकमेकींच्या ढिगात मिसळत नाहीत, आणि 'कोल'चा ठोकळा बनतो, 'चारकोल'चा बनत नाही. दोन्हींना 'कोळसा' म्हटले की पान निरुपयोगी झाले. मराठीत 'दगडी कोळसा' आणि 'लोणारी कोळसा' हे नेमके शब्द आहेत, आणि ओंडके भाजून होतो तो लोणारीच. मातीचे कुटुंब याहून मोठे: डर्ट, कोर्स डर्ट, मड, क्ले, टेराकोटा. आधी येणारा संपादक 'क्ले'ला नुसते 'माती' म्हणून मोकळा होतो आणि मग 'डर्ट'साठी शब्दच उरत नाही. पाचही एकत्र मांडा: माती, भरड माती, चिखल, चिकणमाती, भाजकी माती. 'क्ले'साठी 'शाडू' सुचवला जातो. शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्तींमुळे तो शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. पण गेममधली क्ले भट्टीत भाजून वीट आणि टेराकोटा बनते, शाडूची मूर्ती भाजत नाहीत. म्हणून चिकणमाती बरी.

अवजारांत तर खरी जुंपते. 'पिकॲक्स'ला कुणी कुदळ म्हणतो, कुणी टिकाव. 'हो' (hoe) या अवजारालाही कुणी कुदळ म्हणतो, कुणी खुरपे. इथे गेममधले काम पाहायचे. पिकॲक्सने दगड फुटतो, म्हणून टिकाव. 'हो' लांब दांड्याचे असून त्याने जमीन पेरणीजोगी होते. खुरपे बसून तण काढायचे आखूड अवजार, ते चित्राशी जुळत नाही, म्हणून कुदळ. शॉवेल म्हणजे फावडे, यावर वाद नाही. करवीर-कागल भागातल्या शेतकऱ्याला विचारले तर तो याहून बारीक फरक सांगेल आणि तो ऐकलाच पाहिजे, पण विकीत दोन पानांना एकच शब्द लागता कामा नये, ही अट सर्वांत वरची. 'ग्राइंडस्टोन'चे भाषांतर 'जाते' असे होते तेही याच कारणाने चूक: गेममध्ये त्यावर हत्यार दुरुस्त होते, दळण नाही. 'ॲन्व्हिल'ला मात्र 'ऐरण' इतका चपखल शब्द आहे की तो वर्णनात न वापरणे हा करंटेपणा.

शब्द ठरवताना आणखी एक कसोटी लावावी, जी इंग्रजी विकीच्या नियमावल्यांत मिळणार नाही. शब्दाला ने, ला, चा, मध्ये, वर हे पाच प्रत्यय लावून बघा. 'टेबलवर' की 'टेबलावर', 'क्रीपरने' की 'क्रीपराने', हे शब्दावलीतच, म्हणजे ठरलेल्या शब्दांच्या तक्त्यात, लिहिले नाही तर पानोपानी वेगळे रूप येते आणि शोध अर्धाच लागतो. लिंगही तिथेच ठरवा. परका शब्द साधारणपणे जवळच्या मराठी शब्दाचे लिंग घेतो: फर्नेस भट्टीमुळे स्त्रीलिंगी, गन बंदुकीमुळे स्त्रीलिंगी.

प्रत्ययांचा दुव्यांशीही संबंध येतो. विकीची आशयभाषा, म्हणजे मांडणीत निवडलेली मजकुराची भाषा, मराठी ठेवली असेल तर मीडियाविकी हे विकी चालवणारे सॉफ्टवेअर [[फर्नेस]]मध्ये असे लिहिल्यावर प्रत्ययासह सगळा शब्द दुवा म्हणून दाखवते. ती इंग्रजीच राहिली असेल तर दुवा 'फर्नेस'पाशी तुटतो आणि 'मध्ये' काळे उरते. अनेक स्वतंत्र विकी सुरू करताना ही एक मांडणी तपासायची राहते. सामान्यरूप बदलत असेल तर कंसाबाहेर सुटा काना टाकू नये. मूळ मजकुरात तो ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकलेला दिसतो आणि नवा संपादक त्याला चूक समजून पुसतो. सरळ [[टेबल|टेबलावर]] असे लिहावे.

शुद्धलेखनाबाबत मराठी साहित्य महामंडळाचे नियम आधार म्हणून आहेतच: १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये वाढवलेले चार. पण परक्या शब्दांत ते सगळे प्रश्न सोडवत नाहीत. अकारान्त शब्दातले उपान्त्य इकार-उकार दीर्घ, या सवयीने कुणी 'स्कीन' (पात्राचा पेहराव) लिहितो. उच्चार ऱ्हस्व आहे म्हणून दुसरा 'स्किन'. आम्ही उच्चाराच्या बाजूचे, कारण 'स्किन' आणि 'स्क्रीन' एकाच पानावर येतात आणि डोळ्यांना फरक पटकन दिसायला हवा. अनुस्वार की जोडाक्षर, म्हणजे पबजीच्या नकाशातले गाव 'पोचिंकी' की 'पोचिन्की', यात पहिले घ्यावे. मराठी वाचकाच्या सवयीचे तेच. 'लेव्हल' की 'लेवल' यात 'व्ह'. प्रत्येक गटाला एक ओळ पुरते, कारणासकट.

'ॲ'कडे मात्र नीट लक्ष द्या, कारण ही चूक डोळ्यांना दिसत नाही. युनिकोड या अक्षरांच्या जागतिक संकेतप्रणालीत 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर २००८ च्या ५.१ आवृत्तीत आले. त्याआधी 'अ'वर चंद्र देऊन ते उभे केले जाई, कधी मध्ये न दिसणारे जोडचिन्ह घालून. आजही वेगवेगळे कीबोर्ड वेगवेगळे काही उमटवतात. त्यामुळे 'पिकॲक्स' हे शीर्षक तीन प्रकारे टाइप होऊ शकते, तिन्ही पडद्यावर जवळपास सारखी दिसतात, आणि मीडियाविकी तिन्हींना वेगळी पाने मानते. एकाच वस्तूची दोन पाने तयार होतात, दोघे संपादक आपापले पान वाढवत राहतात आणि मग 'माझे पान का पुसले' हा वाद. उपाय: शीर्षकात स्वतंत्र 'ॲ' सक्तीचा, बाकीच्या दोन रूपांची पुनर्निर्देशने पान बनवतानाच. शीर्षकाची मर्यादा २५५ बाइट असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट खाते. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हे. लांबलचक मोहिमांची नावे यात बसत नाहीत, तेव्हा ती कुठे तोडायची हेही ठरलेले असावे.

आकडे देवनागरी की इंग्रजी, या वादात तांत्रिक बाजू निर्णायक आहे. साच्यांत हिशेब करणारी क्रिया देवनागरी आकडे ओळखत नाही, चूक दाखवते. म्हणून साच्यात भरताना इंग्रजी आकडे, आणि वाचकाला दाखवताना रूपांतराच्या साच्यातून देवनागरी. बंदुकांची नावे त्यात अडकू नयेत म्हणून 'एम४१६' सारखी शीर्षके हातानेच लिहावीत.

आता वाद पेटल्यावर काय करायचे ते. उलटवाउलटवी सुरू होण्याआधी पानावर जे होते ते परत आणायचे आणि चर्चा संपेपर्यंत कुणीही ते बदलायचे नाही, सुचवणाऱ्यानेही नाही. इंग्रजी विकिपीडियावर एका पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवल्यास कारवाई होऊ शकते. पाच-सहा संपादकांच्या विकीला एवढी मोकळीक परवडत नाही. एकदा उलटवले की थेट चर्चा पान. चर्चेला एकच प्रश्न, मथळ्यातच लिहिलेला. 'माइनक्राफ्टचे शब्द' असा मथळा दिला तर चर्चा भरकटते; 'पिकॲक्सच्या वर्णनात टिकाव की कुदळ' असा दिला तर निकाल लागतो. प्रत्येक पर्यायाखाली पडद्यावरचा पुरावा, पाच प्रत्ययांची रूपे आणि कोणत्या दुसऱ्या पानाशी टक्कर होते, एवढे तिन्ही भरल्याशिवाय मत धरू नये. मुदत सात दिवस. इंग्रजी विकिपीडियावर शीर्षक बदलण्याच्या चर्चेलाही तेवढीच असते आणि शनिवार-रविवार त्यात येतोच.

डोकी मोजू नयेत. एकाच हॉस्टेलमधले चार मित्र येऊन 'माझेही मत तेच' लिहून जातात. त्याला पुराव्याचे वजन नसते. निकाल लिहिणारा चर्चेत न पडलेला हवा. प्रचालक, म्हणजे विकीचा व्यवस्थापक, स्वतः एका बाजूने बोलला असेल तर त्याने निकाल लिहू नये, आणि विकीत तिऱ्हाईत कुणी उरलाच नसेल तर दुसऱ्या मराठी विकीवरच्या अनुभवी संपादकाला बोलवावे. निकालात काय ठरले, का ठरले, कोणत्या पानांना लागू आणि तारीख, हे चार मुद्दे येतात. तोच विषय सहा महिने पुन्हा काढायचा नाही. गेमनेच नाव बदलले किंवा नवी वस्तू आणली तर मात्र तेव्हाच.

निकालानंतरची अंमलबजावणी घाईने केली तर नवे वाद जन्मतात. आधी साचे आणि माहितीचौकटी बदला, मग पानांचे स्थानांतरण (म्हणजे शीर्षकबदल), मग मजकूर. स्थानांतरणानंतर पुनर्निर्देशनावर पुनर्निर्देशन तयार झाले का ते पाहा. मीडियाविकी साधारणपणे एकच टप्पा पुढे नेते, दुसऱ्यावर वाचक अडकतो. बॉटने, म्हणजे आपोआप संपादने करणाऱ्या प्रोग्रॅमने, शब्द बदलताना फार जपावे. 'गन' बदलायला गेले तर 'गगन' आणि 'लगन'ही बिघडतात, आणि शब्दाची सीमा ओळखायचे नेहमीचे चिन्ह देवनागरीच्या काना-मात्रांपाशी फसते. म्हणून शोधात मागचे-पुढचे मोकळे स्थान किंवा विरामचिन्ह स्पष्ट द्यावे, प्रत्ययांसह प्रत्येक रूप वेगळे द्यावे, आणि आधी धूळपाटीवर (सरावाच्या जागेत) वीस-पंचवीस पाने चालवून डोळ्यांखालून घालावीत. फाइलची नावे, गेममधले संवाद आणि जुन्या चर्चा यांना बॉटने हात लावू नये.

हे सगळे ठरवताना काय ठरवायचे नाही हेही कळले पाहिजे. 'हा गेम' की 'ही गेम'? दोन्ही सर्रास चालते. एका पानात एकच ठेवा, पण सगळ्या विकीभर एकच करण्यासाठी शेकडो संपादने करू नका. वाचकाचे त्यात काही अडत नाही. बोलीचेही तसेच. पानाचा मजकूर प्रमाण मराठीत असावा, पण सोलापूर, निपाणी वा नागपूरचा संपादक आपल्या तोंडचा शब्द पुनर्निर्देशन म्हणून देत असेल तर तो ठेवायचाच, त्याने शोध सोपा होतो. सूचना कशा द्यायच्या, 'फोडा', 'फोडावा' की 'खेळाडू फोडतो', यात आम्हाला 'फोडा' पसंत आहे, पण तो कृतींच्या पानांपुरता. वस्तूच्या माहितीपानात वाचकाला उद्देशून बोलू नये.

यंत्रानुवादाने भरलेल्या पानांवर मात्र अजिबात सवलत नको. 'क्रीपर' (माइनक्राफ्टमधला राक्षस) म्हणजे वेल, अशा थाटाचे मजकूर आले की शब्दावलीत जुळवून दाखवल्याशिवाय ते मुख्य पानावर ठेवू नयेत.

मराठी विश्वकोशाने परिभाषासंग्रह १९७३ मध्ये काढला आणि पहिला खंड १९७६ मध्ये. क्रम लक्षात घ्यावा: शब्द आधी, लेख नंतर. नव्या गेमचा विकी सुरू करणाऱ्यांनी पहिल्या आठवड्यात लेख न लिहिता चाळीस-पन्नास शब्दांचा तक्ता करावा. त्यात पडद्यावरचे नाव, शीर्षक, लिंग, प्रत्ययांची रूपे, मराठी वर्णन, पुनर्निर्देशने, निकालाची तारीख आणि चर्चेचा दुवा असे रकाने असावेत. शिवाजी विद्यापीठाच्या मराठी आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एकत्र बसून करता येईल असे हे काम आहे.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. परक्या शब्दांचे लेखन, लिंग आणि सामान्यरूप यांचे निर्णय वृत्तपत्राच्या उपसंपादकांना रोज घ्यावे लागतात, आणि ते निर्णय कार्यालयाबाहेर सहसा येत नाहीत. अशी यादी आपल्याकडे असेल तर ती छापा, किंवा संकेतस्थळावर खुली करा आणि वर्षातून एकदा त्यात भर घाला. 'स्किन' की 'स्कीन', 'सर्व्हरवर' की 'सर्व्हरावर' अशा प्रश्नांना आपले उत्तर आमच्यापेक्षा वेगळे असले तरी चालेल. चर्चा पानावर दाखवायला एक छापील आधार मिळेल.

आपले,
गेम विकींचे काही स्वयंसेवी संपादक, कोल्हापूर